खेळाचे व्यसन आणि निवडीचे स्वातंत्र्य

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांना उत्तेजन देणारा व त्यांचे नियमन करणारा कायदा संमत केला. २० ऑगस्टला लोकसभेने व २१ ऑगस्टला राज्यसभेने विधेयक मंजूर केले आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. या खेळांपायी देशातील सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळजवळ २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी सांगण्यात आला होता.

या अंदाजावर एक साधा भागाकार करून पाहण्याजोगा आहे. २०,००० कोटी रुपये ४५ कोटी लोकांवर विभागले, तर माणशी वार्षिक नुकसान सुमारे ४४४ रुपये, म्हणजे महिन्याला ३७ रुपये भरते. एवढ्या रकमेने कोणाचा संसार मोडत नाही. परंतु संसार मोडल्याच्या, घरातील सोने गहाण पडल्याच्या, कर्जबाजारी तरुणांनी जीव दिल्याच्या बातम्या खोट्या नाहीत. सरासरी येथे फसवी ठरते, एवढाच याचा अर्थ होय. बहुसंख्य लोक किरकोळ रक्कम घालवून बाजूला होतात आणि नुकसानीचा मोठा भार मूठभर लोकांच्या अंगावर पडतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० साली जुगाराच्या यंत्रांविषयी जो अहवाल दिला, त्यात एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च जुगाराच्या आहारी गेलेल्या अल्पसंख्य लोकांकडून होतो, असे अनुमान होते. तेव्हा प्रश्न ४५ कोटी लोकांच्या करमणुकीचा नाही; ज्यांना थांबता येत नाही अशा थोड्यांचा आहे.

कायद्यावरील वादात मात्र हा थोडा वर्ग बाजूलाच राहिला. या धंद्याची बाजू मांडणारे म्हणाले की, प्रौढ माणसाने स्वकष्टार्जित पैसा कसा उडवावा हे सरकारने सांगण्याचे कारण नाही. सरकार पक्षाने कुटुंबांच्या वाताहतीकडे बोट दाखविले. कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. या सर्व चर्चेत एक प्रश्न जवळजवळ अस्पर्शित राहिला. ज्याच्या निवडस्वातंत्र्याचा एवढा पुकारा होतो, तो व्यसनाधीन खेळाडू निवड करण्याच्या स्थितीत असतो काय?

कायद्याचा जुना मापदंड

आपल्याकडील जुगारविषयक कायद्याने दीर्घकाळ खेळणाऱ्याकडे न पाहता खेळाकडे पाहिले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, या दोहोंनी केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला चमारबागवाला खटला तत्कालीन मुंबई राज्याच्या कायद्यातून उद्भवला होता व त्याचा विषय होता शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, हा निर्वाळा त्यात मिळाला. तथापि जेथे यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते तेथे जुगार म्हणता येणार नाही, हा भेदही त्याच परंपरेत रुजला. १९६७ साली रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरला आणि पुढे ऑनलाइन रमीवाल्यांनी त्याच निकालाची ढाल केली.

२०२५ च्या कायद्याने हा भेद पैशाच्या खेळांपुरता पुसून टाकला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, पैसे लावले की तो निषिद्ध होय. हे पाऊल योग्य दिशेचे होते. कारण जुना मापदंड पत्त्यांचे गुणधर्म मोजत होता, पत्ते धरणाऱ्या हाताचे मोजत नव्हता. निष्णात खेळाडूदेखील पहाटे ४ वाजता, लागोपाठ २० डाव हरल्यानंतर, कौशल्याने खेळत नसतो.

विवेकी ग्राहकाचे गृहीतक

निवडस्वातंत्र्याच्या युक्तिवादामागे अर्थशास्त्रातील एक जुने गृहीतक उभे आहे. ग्राहक स्वत:चे हित जाणतो, पर्यायांची तुलना करतो आणि अधिकाधिक समाधान देणारा पर्याय निवडतो, हे ते गृहीतक. शिकागो विद्यापीठातील गॅरी बेकर व केव्हिन मर्फी यांनी १९८८ मध्ये ते व्यसनालाही लावले. आजच्या सेवनाने उद्याची तलफ वाढते, हे व्यसनी मनुष्य जाणतो. तो हिशेब धरूनच तो व्यसन करतो, म्हणून त्याचे वर्तनही विवेकीच मानावे, असे त्यांचे प्रतिपादन. या सिद्धान्तास हसून सोडून देणे बरोबर होणार नाही. उद्या भाव वाढणार हे कळले की लोक आजच सिगारेट कमी करतात, हे त्याचे भाकीत पुढे आकडेवारीवर पडताळून पाहण्यात आले व त्यास आधारही मिळाला.

परंतु या सिद्धान्ताचा पाया एका अटीवर उभा आहे. नुकसानीपासून शिकण्याची व उद्याचे आजशी तोलण्याची शक्ती शाबूत असली पाहिजे. ती शक्तीच क्षीण झाली असेल, तर वरची सारी इमारत अधांतरी राहते. ऑनलाइन खेळांच्या व्यसनाविषयी गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी जी तपासणी केली, ती नेमकी या पायाची आहे.

प्रथम व्यसन कशाला म्हणावयाचे, हे स्पष्ट केले पाहिजे. सुटीच्या दिवशी दोन तास मोबाइलवर खेळणारा विद्यार्थी व्यसनी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश केला. ही आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही लक्षणे सामान्यत: १२ महिने टिकली व त्यांमुळे घर, शिक्षण वा नोकरी यांची मोठी हानी झाली, तर विकार मानावा, असे त्यात म्हटले आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हे प्रमाण सुमारे ३ टक्के भरते. कडक निकष लावल्यास ते २ टक्क्यांच्या आसपास येते. पैसे लावणे ही या व्याख्येतील अट नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कळते, पण वळत नाही

निर्णयशक्ती मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात तयार झाली. अँटोइन बेकारा, अँटोनिओ डमासिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. खेळणाऱ्यापुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवतात. पहिल्या दोन गठ्ठ्यांतील प्रत्येक पत्त्याला १०० डॉलर मिळतात, उरलेल्या दोहोंतील पत्त्याला ५०. मात्र मधूनच दंडाचा पत्ता निघतो. पहिल्या दोन गठ्ठ्यांत दर १० पत्त्यांमागे मिळकत १,००० आणि दंड १,२५०, म्हणजे २५० चा तोटा. दुसऱ्या दोहोंत मिळकत ५०० आणि दंड २५०, म्हणजे २५० चा नफा. हा हिशेब खेळणाऱ्यास सांगत नाहीत. निरोगी माणसे काही पत्ते उचलल्यानंतर हळूहळू कमी मिळकतीच्या पण लाभदायक गठ्ठ्यांकडे वळतात. मेंदूच्या पुढील भागाला, कपाळामागे खालच्या बाजूस, इजा झालेले रुग्ण मात्र १०० डॉलरच्या गठ्ठ्यांनाच चिकटून राहतात. पुढे १९९७ मध्ये असेही दिसून आले की, यांपैकी काही रुग्णांना कोणते गठ्ठे घातक आहेत हे शब्दांत सांगता येत होते. तरी हात तिकडेच जात होता. ‘कळते, पण वळत नाही’ या मराठीतील नित्याच्या बोलण्याला प्रयोगशाळेने दिलेला हा दाखला म्हणावा लागेल.

ऑनलाइन खेळांच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूला इजा झालेली असते, असा याचा अर्थ कोणी करू नये. त्यांच्यावर केलेल्या पत्त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष सर्वत्र सारखेही नाहीत. त्याहून बोलका आहे तो फाशांच्या चाचणीचा निष्कर्ष. तिच्यात एक फासा १८ वेळा टाकतात. खेळणाऱ्याने एकच आकडा धरला तर १,००० चा लाभ किंवा तेवढाच तोटा. चार आकडे मिळून धरले तर १०० चा लाभ किंवा तोटा. सारे नियम आधीच सांगितलेले असतात. एक आकडा धरणाऱ्याचे दर फेकीला सरासरीने सुमारे ६६७ चे नुकसान होणार आणि चार आकडे धरणाऱ्यास सुमारे ३३ चा फायदा, हे शाळकरी गणिताने काढता येते. जर्मनीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ अतिरेकाने खेळणाऱ्या १९ जणांची तुलना न खेळणाऱ्या १९ जणांशी करण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिरेकी खेळाडूंनी धोक्याचे पर्याय अधिक वेळा निवडले. प्रत्येक फेकीनंतर हाती येणाऱ्या निकालाचा त्यांना उपयोग करून घेता येत नाही, असे चीनमधील २०१४ च्या अभ्यासात आढळले.

फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. शक्यता ठाऊक असतात तेथे जोखीम, त्याच ठाऊक नसतात तेथे अनिश्चितता. पत्त्यांची चाचणी अनिश्चिततेची, फाशांची जोखमीची. सर्व शक्यता डोळ्यांपुढे मांडलेल्या असतानाही निवड बिघडत असेल, तर दोष माहितीच्या अभावाचा म्हणता येत नाही.

अशा चाचण्या लहान गटांवरच्या आहेत. शिवाय उतावळ्या स्वभावाची माणसे व्यसनाकडे ओढली जातात की व्यसनाने स्वभाव उतावळा होतो, याचा निकाल एका वेळच्या चाचणीतून लागत नाही. परंतु धोरणाच्या दृष्टीने दोन्ही शक्यता एकाच ठिकाणी नेऊन सोडतात. व्यसनाच्या काळात त्या माणसाचा निर्णय हा त्याच्या हिताचा विश्वासू मुनीम राहिलेला नसतो.

हरलेल्या डावाचे गणित

जोखीम कोणत्या मन:स्थितीत वाढते, याचा उलगडा डॅनिएल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये केला. ३,००० चा खात्रीचा लाभ आणि ४,००० च्या लाभाची ८० टक्के शक्यता, यांतून निवड करावयास सांगितल्यावर १०० पैकी ८० जणांनी खात्रीचा लाभ पत्करला. तोच प्रश्न तोट्याच्या भाषेत विचारताच चित्र पालटले. ३,००० चा खात्रीचा तोटा टाळण्यासाठी १०० पैकी ९२ जणांनी ४,००० गमावण्याचा ८० टक्के धोका स्वीकारला, वस्तुत: त्यात सरासरी तोटा ३,२०० होता. जिंकणारा मनुष्य सावध होतो आणि हरणारा साहसी, हा साऱ्या मनुष्यजातीचा स्वभाव आहे.

सभापर्वातील द्यूताचा प्रसंग या नियमाचे प्राचीन उदाहरण आहे. युधिष्ठिर अज्ञानी नव्हता. धर्म जाणणारा म्हणूनच त्याची कीर्ती होती. तरीही प्रत्येक पराभवानंतर पण वाढतच गेला. धन, राज्य, भाऊ, स्वत: आणि शेवटी द्रौपदी. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढची आहे. धृतराष्ट्राने सर्व परत दिल्यावरही दुसऱ्या द्यूताचे बोलावणे येताच तो पुन्हा पटाशी जाऊन बसला. एकदा हात पोळल्याने शहाणपण येतेच असे नाही, हे व्यासांना ठाऊक होते.

हरलेले परत मिळविण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे पण दुप्पट करीत जाणे. समजा, बरोबरीच्या खेळात १०० रुपयांपासून कोणी प्रारंभ केला. लागोपाठ ७ डाव गेले, तर १२,७०० रुपये बुडालेले असतात आणि आठव्या डावाला १२,८०० लावावे लागतात. हे सारे कशासाठी, तर मूळचे १०० रुपये जिंकण्यासाठी. असे ७ डाव सलग जाण्याची शक्यता १२८ मध्ये १ एवढी आहे. रात्रभरात शेकडो डाव खेळणाऱ्यास ती टळणे कठीण. खेळ चालविणारा प्रत्येक डावात १० टक्के कापून घेत असेल, तर बरोबरीने खेळणाऱ्याचे १०० रुपयेही ७ फेऱ्यांत ४८ च्या खाली येतात. सामान्य मनुष्य कुठेतरी हा हिशेब उमजून थांबतो. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हाती महिनाअखेरीस झटपट कर्ज देणाऱ्याचा अर्ज असतो.

उद्याचा भाव

निर्णयशक्तीची दुसरी कसोटी काळाची. १९३७ मध्ये पॉल सॅम्युएल्सन यांनी मांडलेल्या पद्धतीत मनुष्य भविष्यातील लाभाला ठराविक दराने सूट देतो, असे धरले जाते. व्यवहारात तसे घडत नाही. आज १०० रुपये की महिन्याने १२०, असे विचारले तर अनेक जण आजचे १०० घेतात. पण वर्षाने १०० की तेरा महिन्यांनी १२०, असे विचारताच तेच लोक १२० साठी महिनाभर थांबावयास तयार होतात. अगदी जवळच्या लाभाचे आकर्षण भलतेच मोठे असते. ऑनलाइन खेळांच्या व्यसनींत हे आकर्षण अधिक तीव्र असल्याचे अनेक अभ्यासांत बऱ्याच सातत्याने आढळले आहे.

शिक्षकांना ही गोष्ट वर्गात दिसते. परीक्षा चार महिन्यांवर असते, पदवी दोन वर्षांवर, नोकरी त्याहून दूर; आणि खेळातील पुढची पायरी पाच मिनिटांवर. येथे पैसा लावलेला नसतो, पण जुगार असतोच. पणाला लागतात ते विद्यार्थ्याचे आयुष्यातील परत न येणारे महिने. म्हणून पैशाच्या खेळांवर बंदी आल्याने व्यसनाचा प्रश्न सुटला, असे समजणे ही भाबडी समजूत ठरेल.

खेळाची घडण

दोष केवळ खेळणाऱ्याच्या मेंदूत शोधणे अन्यायाचे होईल. १९५७ मध्ये फर्स्टर व स्किनर यांनी बक्षिसाच्या वेळापत्रकाचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एक तत्त्व ठळक झाले. बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल हे अनिश्चित ठेवले, की प्रयत्न सर्वाधिक वेगाने व चिकाटीने चालू राहतो. आजच्या कित्येक खेळांची रचना याच तत्त्वावर झाली आहे. आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या ‘बंद पेट्या’, एक दिवस चुकला तर मोडणारी हजेरीची साखळी, घड्याळ लावून दिलेली सवलत, या साऱ्या युक्त्या नुकसानीच्या भयावर व तात्काळ लाभाच्या ओढीवर आधारलेल्या आहेत. म्हणजे माणसाची जी बाजू दुबळी, तीवरच मारा.

मुंबईच्या गिरणगावात मटक्याने अनेक घरे धुऊन नेली, हा इतिहास आहे. परंतु आकडा लावणाऱ्यास ओपन आणि क्लोजची वाट तरी पाहावी लागे. त्या मधल्या तासांत पाळी भरावी लागे, घरी जावे लागे, बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे. त्या खंडात विचाराला थोडी फट मिळे. खिशातील मोबाइलने ती फट बुजविली आहे.

इशारा आणि कर

निर्णयशक्तीचा हा विचार बाजूस ठेवल्यामुळे बंदीपूर्वीचे दोन्ही उपाय तोकडे पडले. पहिला उपाय इशाऱ्याचा. जाहिरातक्षेत्राच्या मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून पैशाच्या खेळांच्या जाहिरातीत आर्थिक धोक्याचा व व्यसनाचा इशारा देण्यास सांगितले आणि छापील जाहिरातीत त्यासाठी किमान २० टक्के जागा ठरविली. अजाण माणसास इशारा उपयोगी पडतो. फाशांच्या चाचणीत मात्र सारे नियम उघड असतानाही निवड बिघडली होती. ज्याला कळते पण वळत नाही, त्याच्यासाठी इशारा म्हणजे ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा सांगणे होय.

दुसरा उपाय कराचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गासाठी ४० टक्क्यांचा दर ठरला. भाव वाढला की मागणी घटते, हा नियम हौशी खेळाडूस लागू पडतो. व्यसनीची मागणी लवचीक नसते. तो खेळ कमी करण्याऐवजी अधिक पैसा उभा करतो. परिणामी कराचा बोजा सर्वांत जास्त त्याच्या, म्हणजे वस्तुत: त्याच्या बायकामुलांच्या, माथी बसतो.

सक्ती की संरक्षण?

येथे एक रास्त आक्षेप येतो. आज खेळणाऱ्यास निर्णय घेता येत नाही म्हणावयाचे; उद्या वाचकाने कोणते पुस्तक घ्यावे, मतदाराने कोणास मत द्यावे, हेही सरकार ठरवू लागेल. सत्तेला नागरिकांचे पालक होण्याची हौस असते, हा अनुभव असल्याने आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे.

त्याचे उत्तर मध्यमवर्गाच्या स्वत:च्या व्यवहारात आहे. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी पगार हातात पडण्यापूर्वीच कापली जाते. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाने या कपातीस स्वातंत्र्यावरील घाला म्हटल्याचे ऐकिवात नाही. चाळीतील बायका भिशी लावतात. तिच्यावर व्याज मिळत नाही, तरी लावतात. हाती असलेला पैसा खर्च होतो, म्हणून तो हाती राहू नये अशी व्यवस्था शहाणी माणसे आपण होऊन करतात. थंड डोक्याने घेतलेल्या निर्णयाला तापलेल्या डोक्याच्या निर्णयापासून वाचविणे, हे स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी जे नियम केले, त्यांत कर्जदारास ठराविक मुदतीत मुद्दल व तेवढ्या काळाचा आकार भरून विनादंड बाहेर पडण्याची मुभा दिली. तत्त्व तेच आहे.

म्हणून मर्यादा घालावयाची ती निर्णयाच्या क्षणाला, व्यक्तीच्या विचाराला नव्हे. विनामूल्य म्हणविणाऱ्या पण आत खरेदी करावयास लावणाऱ्या खेळांत खर्चाची व वेळेची मर्यादा आधीच घातलेली असावी. ती ओलांडावयाची असेल त्याने मागणी नोंदवावी व ती दुसऱ्या दिवशी अमलात यावी. ‘बंद पेट्यां’ची विक्री बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कक्षेत आणली, निदान अल्पवयीन मुलांपुरता तो विचार येथे व्हावयास हवा. सरसकट वेळबंदीने मात्र फार साधत नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले होते. दहा वर्षांनंतर तो कायदा मागे घेण्यात आला. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या संकेतस्थळांना पैसे पोहोचण्याचे मार्ग बंद ठेवणे हे सततचे काम आहे, कारण देशातील दुकान बंद झाल्याने गिऱ्हाइकाची तलफ बंद होत नाही.

नव्या कायद्याने खेळणाऱ्यास गुन्हेगार ठरविले नाही, ही त्याची सर्वांत शहाणपणाची तरतूद म्हटली पाहिजे. परंतु शिक्षा न करणे म्हणजे उपचार करणे नव्हे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र चालू आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ या क्रमांकाची मानसिक आरोग्यसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी, विद्यापीठांत, मोठ्या कचेऱ्यांत अशा मदतीची सोय झाली पाहिजे आणि ती कोणास न कळता घेता आली पाहिजे.

घराघरांतूनही दृष्टी बदलावयास हवी. मुलगा हरला की बाप गुपचूप कर्ज फेडतो आणि एक शपथ घ्यावयास लावतो. फेडलेले कर्ज ही व्यसनीच्या लेखी पुन्हा मोकळी झालेली पत असते आणि शपथ घेणारे मन पहाटे चार वाजता जागेवर नसते. त्यापेक्षा पगाराच्या खात्यावर दुसऱ्याची नजर, कर्जाची उघड यादी, मोबाइलमधील पैसे देण्याच्या सोयीवर त्याच्याच संमतीने लावलेला बंध आणि सोबत मानसोपचार, हा मार्ग कमी नाट्यपूर्ण असला तरी अधिक भरवशाचा आहे. ज्याची तोलून पाहण्याची शक्ती दुबळी झाली आहे, त्याला ‘विचार करून वाग’ असे बजावणे म्हणजे पाय मोडलेल्यास चालत दवाखान्यात जा म्हणणे होय.

निवडीचे स्वातंत्र्य हे मोठे मूल्य आहे, म्हणूनच ते कोणाकडे शिल्लक आहे व कोणाकडे उरलेले नाही, हे पाहणे समाजाचे कर्तव्य ठरते. २०२५ च्या कायद्याने दुकानाला कुलूप लावले. ४४४ रुपयांच्या सरासरीआड दडलेला, लाखो रुपये हरलेला आणि अजून आठव्या डावाचा विचार करणारा मनुष्य मात्र कुलपाच्या बाहेरच उभा आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे काम कायद्याच्या कलमांनी होणारे नाही. ते डॉक्टरांना, शिक्षकांना आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यांनाच करावे लागेल.